प्रकल्प नोंदी : सीआर६२६१ एच३ ला का धरत नाही?

१४ जुलै २०२५, सोमवार

मॅडमनी आज एका वाक्यात काम दिलं. सीआर६२६१ हे प्रतिपिंड एच१, एच२, एच५, एच९ अशा फ्लूच्या प्रकारांना धरतं, एच३ ला धरत नाही. ज्या हेलिक्सवर (प्रथिनाच्या मळसूत्रासारख्या वळलेल्या पट्टीवर) ते बसतं ती दोन्हींकडे बरीचशी सारखी आहे. मग घोडं अडतं कुठे? "उत्तर छापलेलं आहे, अर्ध्या तासात सापडेल तुला. ते मला नकोय. रचना उघड आणि बोट ठेवून दाखव."

वहीच्या पहिल्या पानावर स्वतःसाठी उजळणी. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रथिनं उभी असतात, हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेझ. एच१, एच३ मधला 'एच' पहिल्याचा. हिमॅग्लुटिनिनचे, म्हणजे एचएचे, तीन सारखे रेणू एकमेकांना बिलगून एक खांब तयार होतो, उंची साधारण १३५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). वरचं गोलसर डोकं पेशीवरच्या सियालिक आम्लाला पकडतं. खालच्या देठाचं काम नंतर सुरू होतं. पेशीनं विषाणू पोटात घेतला, भोवतालचा पीएच उतरत ५ च्या आसपास आला, की देठाची घडी मोडते, नवी घडी पडते आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं.

ही रचना पहिल्यांदा दिसली १९८१ मध्ये. विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी १९६८ च्या हाँगकाँग साथीच्या विषाणूचं एचए क्ष-किरणांनी ३ अँगस्ट्रॉमपर्यंत वाचलं. म्हणजे जगानं पाहिलेलं पहिलं एचए एच३ होतं. नेमकं माझ्या प्रतिपिंडाला न जमणारं.

१६ जुलै, बुधवार

३जीबीएन ही रचनेची फाइल उतरवून घेतली. १९१८ च्या साथीच्या एच१ विषाणूचं एचए आणि त्याला धरून बसलेला सीआर६२६१ चा फॅब तुकडा (पकडणारा हात), रेझोल्यूशन २.२ अँगस्ट्रॉम (आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). २००९ ची रचना, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या इयन विल्सन यांच्या गटाची. १९८१ च्या पेपरवरचे विल्सन ते हेच.

काइमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि गोंधळले. खांब नाहीच, एकच पाकळी. वाटलं डाउनलोड अर्धवट झालं. दोनदा पुन्हा उतरवली. मग कळलं की फाइलमध्ये फक्त एकदा मोजायचा तुकडा दिलेला असतो. स्फटिकात तोच तुकडा १२०-१२० अंशांनी फिरवला की बेलाच्या पानासारखी तीन दलं तयार होतात. 'बायोलॉजिकल असेंब्ली' मागवली, पान पूर्ण झालं. तिन्ही दलांवर एकेक फॅब, देठाच्या खालच्या भागात बाहेरून टेकलेला.

दुसरी डोकेदुखी साखळीतल्या अमिनो आम्लांच्या नंबरांची. एचए आधी एकाच साखळीत बनतं आणि नंतर कापलं जाऊन एचए१ आणि एचए२ असे दोन भाग होतात. दुसऱ्या भागात नंबर परत १ पासून. त्यातून एच१ असो की एच५, नंबर द्यायचे एच३ च्या हिशोबानं, अशी रीत आहे. काही फायलींत एचए२ ला ५०१ पासून नंबर दिलेले. नुसतं '३८' म्हटलं तर दोन ३८ आहेत: एक एचए१ मधलं, एक एचए२ मधलं, आणि माझ्या प्रश्नात दोन्ही लागणार आहेत. यापुढे वहीत भाग लिहिल्याशिवाय नंबर लिहायचा नाही.

२१ जुलै, सोमवार

संपर्कांचा तक्ता झाला. ४ अँगस्ट्रॉमच्या आत येणारे सगळे अणू काढले. पहिली नजर जाते ती रिकाम्या रकान्यावर: लाइट चेनचा एकही संपर्क नाही. प्रतिपिंडाच्या हातात दोन साखळ्या असतात, हेवी चेन आणि लाइट चेन; पकडायला त्याच्याकडे सहा वळसे असतात, तीन हेवी चेनचे, तीन लाइट चेनचे, आणि बहुतेक प्रतिपिंडं दोन्हींकडचे थोडेथोडे वापरतात. सीआर६२६१ मधली लाइट चेन बाजूला नुसती उभी आहे, लग्नात फोटोपुरत्या आलेल्या पाहुण्यासारखी.

पकड बसते ती एचए२ मधल्या 'ए' हेलिक्सवर, ३८ ते ५८ या पट्ट्यात. हेवी चेनच्या दुसऱ्या वळशाच्या टोकाला ५३ वर आयसोल्युसिन आणि ५४ वर फेनिलअ‍ॅलनिन, दोन्ही पाण्याला तिटकारणारी. तिसऱ्या वळशातून ९८ नंबरचं टायरोसिन मदतीला. फेनिलअ‍ॅलनिन ५४ चं कडं एचए२ च्या ट्रिप्टोफॅन २१ पाशी असलेल्या उथळ खळग्यात बसतं. 'कुलूप-किल्ली' असं सगळे लिहितात, पण मला इथे किल्ली कुठे दिसत नाही. खोल भोकच नाही. लाडू वळून झाल्यावर वरून बेदाणा दाबतात, तेवढाच खळगा.

ही आयसोल्युसिन-फेनिलअ‍ॅलनिनची जोडी प्रतिपिंडानं झगडून मिळवलेली नाही. व्हीएच१-६९ या जनुकात ती जन्मापासूनच आहे. मात्र सगळ्यांकडे नाही: याच जनुकाच्या काही आवृत्त्यांमध्ये ५४ वर फेनिलअ‍ॅलनिनऐवजी ल्युसिन असतं, आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्रती ल्युसिनवाल्या त्यांच्यात या जनुकातून आलेली देठाची प्रतिपिंडं कमी आढळतात. आवृत्त्यांचं प्रमाण लोकसमूहागणिक बदलतं.

जेवताना रूममेटनं विचारलं, डोकं सोडून देठाला धरून फायदा काय? पेशीला तर विषाणू चिकटणारच. हो, चिकटेल, आतही जाईल. पण घडी मोडायची वेळ आली की 'ए' हेलिक्सला जागा सोडून वर धावायचं असतं, आणि तिच्यावर प्रतिपिंड बसलेलं असतं. विषाणू पेशीच्या पिशवीत अडकून राहतो. म्हणूनच ही प्रतिपिंडं फार काळ नजरेतून सुटली असणार. फ्लूच्या प्रतिपिंडांची नेहमीची चाचणी तांबड्या पेशी एकमेकींना चिकटणं थांबतं का ते बघते, म्हणजे डोक्याचंच काम तपासते. देठावरच्या प्रतिपिंडाला तिथे शून्य गुण. १९९३ मध्ये जपानमध्ये ओकुनो आणि सहकाऱ्यांनी उंदरातलं सी१७९ दाखवलं तेव्हाही हेच: एच१ आणि एच२ दोन्हींना निष्प्रभ करतं, आणि तांबड्या पेशींच्या चाचणीत काहीच नाही.

२८ जुलै, सोमवार

तीन दिवस डोक्यावर घालवले. प्रश्नात नव्हतं, पण तुलनेशिवाय देठाचं महत्त्व मला कळत नव्हतं.

डोक्यावर सियालिक आम्ल बसायची वाटी आहे. तळाशी टायरोसिन ९८, ट्रिप्टोफॅन १५३, हिस्टिडिन १८३, टायरोसिन १९५, ही सहसा बदलत नाहीत, कारण बदलली तर विषाणूचं पोट कसं भरणार? वाटीच्या काठांवर मात्र सतत बदल. १९६८ ते २००३ या काळातल्या एच३एन२ चे प्रतिजनी टप्पे (जिथे जुनी प्रतिपिंडं विषाणूला ओळखेनाशी होतात) मुख्यतः सात जागांच्या बदलांनी पडले, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं: १४५, १५५, १५६, १५८, १५९, १८९, १९३. सातही वाटीच्या शेजारी. मी त्या लाल रंगवल्या. काठावर कुंकवाचे ठिपके दिल्यासारखं दिसतं.

प्रतिपिंडाचा तळवा वाटीपेक्षा मोठा. वाटीत बोट घालायचं तर काठावर हात टेकतोच, आणि काठ बदलला की पकड सुटते. सी०५ या प्रतिपिंडानं यातून वाट काढली आहे. त्याच्या हेवी चेनचा तिसरा वळसा २४ अमिनो आम्लांचा, लांबलचक, जवळपास तेवढा एकच वळसा वाटीत उतरतो. सीएच६५ या प्रतिपिंडाची तऱ्हा आणखी वेगळी: त्याच्या वळशातलं अ‍ॅस्पार्टिक आम्ल सियालिक आम्लाच्या कार्बॉक्सिलेटची हुबेहूब नक्कल करतं. बहुरूपी.

बास. परत देठाकडे.

४ ऑगस्ट, सोमवार

एच३ ची रचना घेतली: ४एफएनके, १९६८ चं हाँगकाँग एचए, प्रतिपिंडाशिवाय. आधी अख्खं दल अख्ख्या दलावर बसवलं, तर डोकी थोडी वेगळी वळलेली असल्यामुळे देठ सरकला. मग फक्त 'ए' हेलिक्स हेलिक्सवर बसवली. छान जुळली. अनुक्रमही शेजारी मांडला: ३८ ते ५८ या २१ जागांपैकी १४ जागी १९१८ चा एच१ आणि १९६८ चा एच३ सारखेच आहेत. बदललेल्या सात जागांपैकी काही प्रतिपिंडाच्या बाजूला येतात, उदाहरणार्थ ४९ वर थ्रिओनिनऐवजी अ‍ॅस्परजिन, ५२ वर व्हॅलिनऐवजी ल्युसिन. पण हे काही भिंत वाटावी असे बदल नाहीत.

आता सीआर६२६१ एच१ वरून उचलून एच३ वर ठेवलं आणि अणूंची टक्कर मोजली. किरकोळ. दोनतीन बाजूच्या साखळ्या थोड्या हलवल्या तर तीही जाते.

म्हणजे माझ्या मोजणीप्रमाणे सीआर६२६१ एच३ ला धरायला हवं. धरत नाही, हे तर प्रयोगांनी सिद्ध आहे. रात्री अकराला मॅडमना पाठवलं, वर लिहिलं: "कदाचित ४९ आणि ५२ चा एकत्र परिणाम असावा." लिहिताना माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

५ ऑगस्ट, मंगळवार

उत्तर आलं, चार शब्दांचं. "साखर कुठे गेली तुझी?"

६ ऑगस्ट, बुधवार

सापडली. म्हणजे साखर नाही, चोर सापडला. आमच्याकडे फायली 'स्वच्छ' करायची एक स्क्रिप्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाणी, मीठ, स्फटिक बनवताना घातलेली रसायनं काढून टाकायला कुणीतरी लिहिलेली, एका ओळीची: 'अ‍ॅटम' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी ठेव, बाकी पूस. प्रथिनाचे अणू त्या ओळींत असतात. प्रथिनाला जोडलेल्या शर्करासाखळ्या मात्र 'हेटअ‍ॅटम' म्हणून लिहिलेल्या असतात, पाण्याच्या रेणूंच्या पंक्तीत. पाण्याबरोबर साखरही गेली. दोन आठवडे मी सोललेलं एचए बघत होते.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. २१ तारखेच्या तक्त्यात मी स्वतः लिहिलं होतं, "३जीबीएन मध्ये साखरेचा संपर्क नाही." संपर्क नव्हता की साखरच नव्हती, हे बघायचं सुचलं नाही. (आज मूळ फाइलवर पुन्हा मोजलं. एच१ च्या बाबतीत निष्कर्ष बदलला नाही. नशीब.)

११ ऑगस्ट, सोमवार

साखरेसकट ४एफएनके. आता बोट ठेवता येतं.

साखर कुठेही चिकटत नाही. अ‍ॅस्परजिन, मग प्रोलिन सोडून काहीही, मग सेरीन किंवा थ्रिओनिन, असा तीन अक्षरांचा शब्द लागतो. १९६८ च्या एच३ मध्ये असे शब्द एचए१ च्या ८, २२, ३८, ८१, १६५, २८५ या जागांवर आणि एचए२ च्या १५४ वर आहेत. आपल्या कामाचा एचए१ मधला ३८. तिथे अनुक्रम आहे अ‍ॅस्परजिन–अ‍ॅलनिन–थ्रिओनिन. १९१८ च्या एच१ मध्ये त्याच तीन जागी हिस्टिडिन–सेरीन–व्हॅलिन. शब्दच नाही, त्यामुळे साखरही नाही.

एचए१ चा हा भाग गुंडाळत खाली येऊन देठाला टेकतो, 'ए' हेलिक्सच्या शेजारीच. साखर तिथून बाहेर उगवते, आणि सीआर६२६१ एच१ वर जिथे उभं असतं नेमकी त्याच जागेत शिरते. स्फटिकात दिसते ती साखर तरी किती, बुंध्याची एखाददुसरी एककं. पुढचा फांदोरा हलता असतो, त्यामुळे क्ष-किरणांना पुसट. त्यातून ही प्रथिनं बऱ्याचदा कीटकांच्या पेशींत बनवतात, आणि त्या पेशी साखर छाटून आखूडच ठेवतात. माणसाच्या पेशीतून येणारी साखळी याहून भरघोस. ग्लायकॅम या साखरेच्या साखळ्या बांधून देणाऱ्या संगणकी साधनावर पूर्ण साखळी बांधून लावली, वेगवेगळ्या कोनांत फिरवून पाहिली. प्रत्येक कोनात टक्कर नाही, पण प्रतिपिंडाला निवांत बसता येईल असा कोनही मला सापडला नाही.

एच७, एच१० यांच्याकडेही ३८ वर ही साखर आहे. एचएचे दोन गट पाडतात: एच१, एच२, एच५, एच९ पहिल्या गटातले, एच३, एच७, एच१० दुसऱ्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

मॅडम: "साखर नसती तर बसलं असतं का?"

मला 'हो' म्हणायचं होतं. आता सवय लागली म्हणून आधी पाहिलं.

खळग्याच्या तळाशी असलेलं एचए२ चं ट्रिप्टोफॅन २१ दोन्हीकडे आहे, एका अक्षराचाही फरक नाही. पण उभं वेगळं आहे. एच१ मध्ये त्याची चपटी बाजू पृष्ठभागाला साधारण समांतर, पाट मांडल्यासारखी, आणि सीआर६२६१ चं फेनिलअ‍ॅलनिन त्या पाटापाशी येतं. एच३ मध्ये तोच पाट जवळजवळ काटकोनात उभा केलेला. कारण आणखी आत दडलंय: एचए२ च्या १११ वर पहिल्या गटात हिस्टिडिन असतं, ते ट्रिप्टोफॅनला हायड्रोजन बंधानं धरून ठेवतं. एच३ मध्ये तिथे थ्रिओनिन. धरायला हात नाही, पाट फिरला.

१११ ला प्रतिपिंड शिवतही नाही! माझ्या ४ अँगस्ट्रॉमच्या तक्त्यात ते कधीच आलं नसतं. तक्ता काढून टाकत नाही, पण त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'शिवणारेच फक्त.'

मॅडमना सांगितलं: साखर हे मोठं कारण, पाट हे दुसरं, आणि ही रचना बघून त्यांचे वाटे पाडता येणार नाहीत. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांच्या भाषेत ही शाबासकी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साखर भिंत असेल तर एफआय६ आत कसं जातं? २०११ चं हे प्रतिपिंड, कोर्ती आणि सहकाऱ्यांचं, दोन्ही गटांना धरतं. एच३ बरोबरची त्याची रचना उघडली (मूळ फाइल, साखरेसकट, तीनदा तपासून).

ते साखरेला टाळत नाही, बाजूला करतं. अ‍ॅस्परजिन ३८ ची साखर लावलेली बाजू सुमारे ८० अंशांनी वळलेली दिसते, दारावरचा पडदा हातानं सारल्यासारखी. म्हणजे भिंत हा माझा शब्दच चुकला, पडदा म्हणायला हवं. फरक इतकाच की सीआर६२६१ ला सारता येत नाही.

आणि उभा-आडवा पाट? एफआय६ इथे दुसरा वळसा वापरतच नाही. तिसऱ्या वळशातलं १००डी नंबरचं फेनिलअ‍ॅलनिन खळग्यात येतं, आणि ट्रिप्टोफॅन दोन्हींपैकी कसंही उभं असलं तरी त्याचं भागतं. लाइट चेनही इथे कामाला लागली आहे, शेजारच्या दलापर्यंत पोचून. पान पूर्ण केलं नसतं तर हे दिसलंच नसतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सीआर९११४. हे सीआर६२६१ चं भावंडच म्हणायचं: तेच व्हीएच१-६९ जनुक, पकडायला हेवी चेनच. पण हे एच३ लाही धरतं, इतकंच काय इन्फ्लुएंझा बी या फ्लूच्या वेगळ्या जातीलाही. बी च्या बाबतीत त्याचं वागणं चमत्कारिक आहे, प्रयोगशाळेतल्या पेशींत ते त्या विषाणूला थांबवत नाही, उंदरांना मात्र वाचवतं. एच५ बरोबरची त्याची रचना १.७ अँगस्ट्रॉमची, काचेसारखी स्वच्छ. एच३ बरोबरची ५ च्याही पुढची, म्हणजे धुक्यात बघितलेली मूर्ती: कोण बसलंय ते कळतं, दागिने मोजता येत नाहीत. साखर सरकली आहे एवढं म्हणता येतं. त्यापुढे जायचं नाही.

एकाच घरातले दोघे, मग एक अडतं आणि दुसरं पार होतं ते कशामुळे? याचं फार सुंदर काम २०२१ मध्ये झालंय. मूळ जनुकापासून सीआर९११४ पर्यंतच्या हेवी चेनमधल्या १६ बदलांचे सगळे, म्हणजे ६५,५३६ मेळ करून प्रत्येकाची पकड मोजली. सीआर६२६१ चे ११ बदल, २,०४८ मेळ. सीआर९११४ मध्ये पकड पायरीपायरीनं येते. एच१ साठी थोडे बदल पुरतात, एच३ साठी त्यांच्यावर आणखी काही विशिष्ट बदल एकत्र लागतात, बी साठी त्याहून जास्त. आधीची पायरी नसेल तर पुढच्या पायरीचे बदल नुसते असून उपयोग नाही. माझ्या स्थिर चित्रात हा जिना दिसत नाही. मी शेवटच्या मजल्याचा फोटो बघते आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीसाठी घरी. नोंद करायची नव्हती, पण आईच्या प्रश्नामुळे करावी लागतेय.

तिनं विचारलं, २००९ ला तुम्हा दोघांना ताप आला आणि आजीला काही झालं नाही, ते का? तेव्हा मी दुसरीत. त्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला होता, शाळा बंद, तोंडाला रुमाल, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. आमचा ताप तोच होता का हे कुणी तपासलं नव्हतं, आणि एका घरावरून काही ठरत नाही. पण वयस्क लोकांना त्या साथीत लागण कमी झाली, हे जगभर दिसलं होतं.

त्यामागे रचनेचं एक कारण आहे, आणि तेही साखरेचंच निघालं. १९१८ च्या साथीत लहान असलेल्या ३२ जणांचं रक्त नव्वद वर्षांनी तपासलं, तर १९१८ च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं त्यांच्यात अजून होती. त्यांतलं २डी१ हे प्रतिपिंड २००९ च्या विषाणूलाही निष्प्रभ करतं. ३एलझेडएफ या रचनेत ते डोक्यावरच्या 'एसए' नावाच्या भागावर बसलेलं दिसतं. हा भाग १९१८ आणि २००९ मध्ये जवळजवळ तसाच आहे आणि दोन्हींत डोक्याचा माथा उघडा आहे. मधल्या काळातल्या हंगामी एच१ विषाणूंनी माथ्यावर साखर चढवली होती. आजीच्या लहानपणी फिरणारे एच१ विषाणू १९१८ च्याच वंशातले, तेव्हाच्या ओळखीचा पुढे उपयोग झाला असणं शक्य आहे.

आई म्हणाली, "म्हणजे तो जुनाच चेहरा घेऊन परत आला." मी पंधरा मिनिटं बोलत होते. तिनं एका वाक्यात आटपलं.

८ सप्टेंबर, सोमवार

न्यूरामिनिडेझ. अहवालात एक परिच्छेद हवा म्हणून. चार दलांचं, चौकोनी, वरून बघितलं तर भिंगरी. फ्लूच्या प्रथिनाला प्रतिपिंडानं धरलेलं पहिलं चित्र एचएचं नव्हतं, याचं होतं: १९८७ मध्ये कोलमन, लेव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलेलं एन९ (न्यूरामिनिडेझचा एक प्रकार) आणि त्याला धरणारं प्रतिपिंड एनसी४१. ते एन९ ऑस्ट्रेलियातल्या एका सागरी कुररी पक्ष्याच्या विषाणूतून आलेलं. अलीकडचं १जी०१ हे प्रतिपिंड आपला लांब वळसा थेट विकराच्या कार्यस्थळात घालतं, म्हणजे सी०५ नं एचएच्या वाटीत केलं तेच. कार्यस्थळ बदलणं विषाणूला परवडत नाही, त्यामुळे १जी०१ ची धाव लांबवर जाते. एक परिच्छेद झाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अहवालाच्या प्रस्तावनेत मी सीआर६२६१ ला 'भावी सार्वत्रिक उपचार' लिहिलं होतं. मॅडमनी खाली लाल रेघ मारली आणि मानवी चाचणी वाचायला सांगितली. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम एच१एन१ ची लागण करून सीआर६२६१ दिलं होतं. विषाणू बाहेर पडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. औषध सुरक्षित होतं, एवढंच. २.२ अँगस्ट्रॉमवर इतकी देखणी दिसणारी पकड नाकातल्या शेंबडापुढे पुरी पडेलच असं नाही. तिथे किती प्रतिपिंड पोचतं, कधी पोचतं, हे रचनेत लिहिलेलं नसतं.

गर्दीची शंकाही होती: विषाणूच्या अंगावर एचए इतके दाटीनं उभे, देठापर्यंत प्रतिपिंड शिरतं तरी का? शिरतं. २०१३ मध्ये २००९ च्या साथीच्या अखंड विषाणूंवर इलेक्ट्रॉन टोमोग्राफीनं पाहिलं, तर सुमारे ७५ टक्के एचए खांबांना सी१७९ गाठू शकत होतं. ही शंका खोडली.

आणि देठ बदलतच नाही, हे वाक्यही काढलं. २०२० च्या कामात एच१ चा देठ प्रतिपिंडाला चुकवायला फारशा वाटा देत नाही असं दिसलं, एच३ चा मात्र बऱ्याच देतो. मी दोन महिने 'देठ' असा एकच शब्द वापरत होते. आता 'एच१ चा देठ' आणि 'एच३ चा देठ' असं वेगळं लिहायला सुरुवात केली आहे, अहवाल दीड पान वाढला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आकृती ३ पक्की. डावीकडे एच१ वर सीआर६२६१, उजवीकडे एच३ वर तेच ठेवलेलं, 'ए' हेलिक्स निळी, ट्रिप्टोफॅन २१ जांभळं, एचए१ ३८ ची साखर पिवळी. स्फटिकात दिसलेली साखर भरीव, मी बांधलेली जाळीदार, म्हणजे मोजलेलं कुठलं आणि मानलेलं कुठलं ते कळेल.

जुन्या स्क्रिप्टमध्ये बदल केला: पाणी काढते, साखर ठेवते, आणि शेवटी किती साखरेची एककं राहिली तो आकडा छापते. फोल्डरमधल्या बाकी ११ रचना तिच्यातून पुन्हा काढायच्या आहेत. आज ४ झाल्या.